वरातीतला क्लॅरिनेटवाला

माझी लेक नैरोबीतल्या झोपडपट्टीत पोरांना फुकट संगीत शिकवते. खोलीच्या भाड्याला पैसे उरले नाहीत, वर्ग बंद पडायला आला, तेव्हा मी कोल्हापूरजवळच्या उचगावात एका लग्नात मदत मागत फिरलो. मी जवळ गेलो की नातेवाईक जेवायला उठायचे. काही जण तर दुसऱ्यांदा जेवले.

वरातीच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला हे सगळं बघत, ऐकत होता. लेकराचं तोंड पुसावं तसं क्लॅरिनेटचं टोक त्यानं बाहीनं पुसलं आणि म्हणाला, "पावणं, असं मागून नोट निघत न्हाय. तुम्ही नाचा. नाचणाऱ्यावरनं ओवाळल्याल्या नोटा बँडच्या असत्यात. आज त्या पोरांच्या."

"आणि तुमचं काय?"

"मलाबी कुणीतरी फुकटच शिकवलंय की."

मी जन्मात नाचलो नव्हतो. पोट एकीकडं, पाय दुसरीकडं. तो मात्र माझ्या चुकलेल्या पावलांना सांभाळून घेत वाजवत राहिला. लोकांनी हसत हसत नोटा ओवाळल्या.

वर्ग चालू राहिला. लेकीनं त्या वरातीचा व्हिडिओ पोरांना दाखवला. माझ्यावर पोटभर हसून झाल्यावर पोरांनी विचारलं, तो वाजवणारा कोण?

नाव मी विचारलंच नव्हतं. "सांग त्यांना," मी लेकीला फोनवर म्हणालो, "आपल्या कोल्हापूरचा हाय."