इन्फ्रारेडची लेन्स आणि अध्यक्षांचे केस

मुलगी पुण्याला शिकायला गेल्यापासून आमचा जुना डिजिटल कॅमेरा कपाटात पडून होता. तिच्या पहिल्या वाढदिवसापासून दहावीच्या निरोप समारंभापर्यंत सगळे फोटो त्याच्यावर काढलेले. एकदा बटण अडकायला लागलं म्हणून मी तो वाशीला एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने बटण लगेच नीट करून दिलं आणि म्हणाला, "मॅडम, मोबाईलच्या जमान्यात आता हा कोण वापरणार? इन्फ्रारेड करून घ्या. मजा येईल."

मी तुर्भ्याला एका कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात काम करते. दिवसभर मिरच्या आणि बटाट्यांच्या गाड्यांशी संबंध. मजा येईल असं मला बऱ्याच दिवसांत कुणी म्हटलं नव्हतं. मी हो म्हणून टाकलं.

त्याने कॅमेऱ्याच्या आतली एक काच काढली आणि दुसरी बसवली. पहिली काच इन्फ्रारेड प्रकाश अडवायची. ही नवीन उलट आपल्या डोळ्यांना दिसणारा बहुतेक प्रकाश अडवते आणि इन्फ्रारेड तेवढा आत सोडते. घरी येऊन मी कॅमेरा कृष्णधवलवर ठेवला आणि बाल्कनीतून समोरच्या गुलमोहराचा फोटो काढला. गुलमोहर पांढराशुभ्र! पानन् पान जणू चुन्यात बुडवून काढलेलं, आणि मागे आभाळ काळंकुट्ट.

नवऱ्याने फोटो बघितला आणि विचारलं, "झाड वाळलं का?"

"हिरवं पान इन्फ्रारेडमध्ये असंच दिसतं."

"बरं. पण झाडाचं वरचं टोक कुठाय?"

तिथे खरी अडचण होती. करंजाड्यात आमच्या सोसायटीसमोर दुसरी सोसायटी, तिच्यामागे तिसरी. मागे सरकायचं तर आपल्याच स्वयंपाकघरात शिरावं लागतं. माझ्या लेन्समध्ये एका वेळी अर्धं झाड मावायचं. आणि माझ्या डोक्यात तर भलतंच आलं होतं: उरणच्या बाजूची मिठागरं, खाडीकाठची तिवराची झाडं, वर भलंमोठं आभाळ, सगळं एका फोटोत. त्यासाठी वाइड अँगल लेन्स हवी. दुरुस्तीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "कुठलीही घेऊ नका हां. साध्या फोटोत झकास असलेली लेन्स इन्फ्रारेडमध्ये डाग पाडते. लावून बघायची, मगच घ्यायची."

मी हे जेवताना सांगितलं. सासूबाई साताऱ्याकडच्या, वय पंच्याहत्तरच्या पुढे, दोन्ही कान ठणठणीत. त्या म्हणाल्या, "बरंय की लेन्सचं. आमच्या टायमाला नवरा बी असा लावून बघाय मिळाला असता तर!"

समोर सासऱ्यांचा फोटो होता. त्यांच्याकडे बघायचं आम्ही टाळलं.

पहिली लेन्स मी दुकानातून भाड्याने आणली. एकदम नवी, महागातली. शनिवारी सकाळी सासूबाईंना घेऊन गच्चीवर गेले. त्यांची अटच होती की नुसत्या टाक्यांचे फोटो काढायचे असतील तर त्या जिना चढणार नाहीत. त्यांचा काढायचा असेल तर चढतील. म्हणून त्यांना तुळशीच्या कुंड्यांपाशी बरोबर मधोमध उभं केलं आणि फोटो काढला.

फोटोच्या मध्यावर एक गोल पांढरा डाग आला होता. दुरुस्तीवाला म्हणाला होता तोच. लेन्सच्या आत प्रकाश इकडेतिकडे आपटून मध्यभागी असा गोळा होतो. लेन्सचं छिद्र लहान केलं तसा तो डाग आणखी ठसठशीत झाला. आणि तो पडला होता थेट सासूबाईंच्या डोक्याभोवती. मागे काळं आभाळ, पायाशी पांढरीफेक तुळस, अंगावरचं गडद नऊवारी लुगडं उजळून निघालेलं, आणि डोक्याभोवती तेजाचं वर्तुळ.

"आई, ही लेन्स बाद," मी म्हटलं.

सासूबाईंनी कॅमेरा हातात घेतला. चष्मा वर केला, खाली केला. "बाद का म्हून? झ्याक हाय की."

"अहो, मध्ये डाग आहे."

"त्याला डाग म्हनत्यात व्हय? येडी का काय तू!"

तो फोटो त्यांनी मला गावाकडे पाठवायला लावला. तासाभरात त्यांच्या धाकट्या भावाचा फोन आला. मामा एरवी "काय चाललंय अक्का" असं खेकसायचे. आज आवाज एकदम मऊ. सासूबाईंनी फोन स्पीकरवर ठेवला होता, कारण त्या तो नेहमी स्पीकरवरच ठेवतात.

"अक्का, फोटू बघितला. घरात समद्यांनी बघितला."

"मंग?"

"न्हाय, म्हनलं इचारावं. म्हस कवा व्यायची?"

मला वाटलं, आता त्या हसतील. सासूबाईंनी डोळे मिटले, जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "मंगळवारी."

म्हैस बुधवारी व्याली. मामांनी तसं कळवलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मंगळवारी सुरू झालं आसंल. तुमचं ध्यान कुठं आसतंय?" मामांनी ते मान्य केलं. लेन्स परत केल्यावर सासूबाई दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होत्या.

दुसरी लेन्स मिळाली पनवेलच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून. तो माझ्या ऑफिसातल्या बाईचा भाचा. ही लेन्स भयंकर वाइड होती. पहिल्या फोटोत माझ्याच चपला आल्या. पण डाग नावालाही नाही. रविवारी सकाळी ऊन छान होतं म्हणून मी खाली सोसायटीच्या बागेत आले आणि कडुलिंबावर कॅमेरा रोखला. तेवढ्यात सोसायटीचे अध्यक्ष फिरून परत आले.

आमचे अध्यक्ष साठीच्या पुढचे, सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. केस काळेभोर, काळा टेरिकॉटचा सफारी, काळा गॉगल. गॉगल ते मीटिंगमध्येही काढत नाहीत. "वाइड लेन्स आहे का?" त्यांनी विचारलं. हो म्हटल्यावर त्यांनी तिथूनच वॉचमनला हाक मारली, "सगळ्यांना बोलव रे खाली! ग्रुप फोटो. वर्धापनदिनाच्या बॅनरला लागतोच आहे."

"सर, हा वेगळा कॅमेरा आहे..."

"फोटोच निघतो ना? मग!"

पाहता पाहता सगळी सोसायटी जमली. अध्यक्ष मधोमध. मी फोटो काढला आणि सगळे कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर तुटून पडले.

आधी टोकाला उभ्या असलेल्या दोन बायका किंचाळल्या. इतक्या वाइड लेन्समध्ये कडेची माणसं आडवी ताणली जातात. त्या दोघी फोटोत एकेका रिक्षाएवढ्या झाल्या होत्या. "मी नाही टोकाला उभी राहणार!" एक म्हणाली. मग कुणीच टोकाला उभं राहीना. सगळे मध्ये घुसायला लागले. रांगेचं वर्तुळ झालं, वर्तुळाचा गठ्ठा झाला, एका काकांचा बूट कुंडीत अडकला.

या गोंधळात अध्यक्षांच्या बायकोने शांतपणे कॅमेरा माझ्या हातातून घेतला. तिने फोटो मोठा करून बघितला. मग ती खाली बाकावर बसली आणि पदराने तोंड झाकून हसायला लागली. हसणं थांबेना. तिला पाणी आणून द्यावं लागलं.

फोटोत अध्यक्षांचा काळा सफारी चांदण्यासारखा पांढरा आला होता. कलप इन्फ्रारेडला दिसतच नसल्यामुळे त्यातून मूळचे केस जसेच्या तसे आले होते, कापसासारखे. आणि गॉगल आला होता खिडकीच्या काचेसारखा पारदर्शक. त्यातून दिसत होतं की फोटोच्या वेळी अध्यक्षांचे डोळे गाढ मिटलेले आहेत.

"तरीच!" बायको श्वास घेत म्हणाली. "तरीच मीटिंगमध्ये कुणी काही विचारलं की हे 'पुढचा मुद्दा' म्हणतात!"

अध्यक्ष तडक लिफ्टकडे गेले.

दुपारपर्यंत सोसायटीत बातमी पसरली की माझ्या कॅमेऱ्याला आतलं दिसतं. आतलं म्हणजे काय, याबद्दल मजल्यागणिक वेगळं मत होतं. मी भाजी घेऊन परत येत होते, तर समोरून येणारे दोन काका पोटावर पिशव्या धरून गेले. माझ्या हातात कॅमेरा नव्हता, कोथिंबीर होती. संध्याकाळी पहिल्या मजल्यावरचे आजोबा आले आणि त्यांनी सोफ्यावर बसून धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं.

"घे."

"काय घेऊ, आजोबा?"

"फोटो घे. डॉक्टर म्हणतो वंगण संपलंय. आहे का नाही ते बघ."

मी त्यांना खूप समजावलं की हा एक्स-रे नाही. ते ऐकेनात. शेवटी मी फोटो काढून दाखवला. कातडी इन्फ्रारेडमध्ये दुधासारखी नितळ येते. सुरकुत्या, डाग बरेचसे जातात. आजोबांनी गुडघा निरखून पाहिला. "हा तर पोराचा गुडघा आहे," ते म्हणाले आणि काठी माझ्याकडेच विसरून खाली गेले. ती परत घ्यायला मात्र त्यांनी नातसुनेला पाठवलं, कारण जिना उतरेपर्यंत गुडघ्याला फोटोचा विसर पडला होता.

लग्नवाल्या फोटोग्राफरला लेन्स परत दिली. त्याला लग्नसराईत ती हवीच होती, आणि मलाही माझ्या चपलांचे फोटो नको होते. आता काय करावं या विचारात असताना, त्या आठवड्यात एका संध्याकाळी बेल वाजली. दारात अध्यक्ष. गॉगल तसाच, हातात कापडी पिशवी. मनातल्या मनात मी माफीची वाक्यं जुळवायला लागले.

ते आत येऊन बसले. सासूबाईंनी पाणी दिलं. त्यांनी पिशवीतून चामड्याचा डबा काढला आणि डब्यातून एक छोटी, जड, काळी लेन्स.

"तरुणपणी मला नाद होता," ते म्हणाले. "कॅमेरा गेला, ही राहिली. तुमच्या कॅमेऱ्याच्याच कंपनीची आहे. बसते का बघा."

मी लेन्स फिरवली. खट्ट आवाज झाला आणि ती बसली. फोकस हाताने करायचा होता. लेन्सवर अंतराच्या आकड्यांशेजारी एक बारीक लाल रेघ होती.

"ती रेघ कसली ते मला कधी कळलं नाही," अध्यक्ष म्हणाले. "मला वाटायचं, कारखान्यात कुणाच्या तरी हातून रंग सांडला."

"सर, ती इन्फ्रारेडची खूण आहे! इन्फ्रारेडचा फोकस साध्यापेक्षा जरा सरकतो. आकडा त्या रेघेवर आणून ठेवायचा."

अध्यक्षांनी गॉगल काढला. मी त्यांचे डोळे पहिल्यांदाच बघत होते, घारे होते. "म्हणजे इतकी वर्षं ही लेन्स तुमच्या कॅमेऱ्याची वाट बघत होती?"

"तिला दुसरा काय उद्योग," सासूबाई म्हणाल्या. "च्या घेनार का?"

बाल्कनीतून फोटो काढून बघितले. फार वाइड नव्हती, पण गुलमोहर टोकासकट मावला. कडेच्या इमारती ताणल्या गेल्या नाहीत. छिद्र अगदी लहान केलं तरच मधे अंधूकसा डाग यायचा. एरवी फोटो स्वच्छ. मला हवी ती लेन्स शेजारच्या विंगमध्येच कपाटात होती. मी ती विकत मागितली. अध्यक्ष म्हणाले, "विकत नाही. वापरा. पण उरणला जाल तेव्हा मलाही न्या."

पुढच्या रविवारी त्यांच्याच गाडीतून आम्ही निघालो. अध्यक्ष, त्यांची बायको, मी, नवरा आणि पुढच्या सीटवर सासूबाई. उरणजवळ एका बांधावर गाडी लावली. एकीकडे मिठागराचे चौकोन, दुसरीकडे तिवरांची दाटी, वर ढगांचे मोठमोठे गठ्ठे. मी रेघ जुळवली आणि फोटो काढला. काळ्याशार आभाळाखाली तिवरं लोण्यासारखी पांढरी पसरली होती, आणि मिठागराच्या पाण्यात ते ढग उलटे पडले होते.

मग अध्यक्ष म्हणाले, "माझा एक काढा." या वेळी गॉगल खिशात होता आणि डोळे उघडे. त्यांनी कॅमेरा डोळ्यांजवळ नेला. "बाबांसारखा दिसतोय मी," ते म्हणाले. बायकोने फोटो बघितला. "सासरे देखणे होते," ती म्हणाली, आणि या वेळी हसली नाही.

बांधावरून एक म्हातारी डोक्यावर सुक्या बोंबलांची टोपली घेऊन येत होती. आमचा घोळका बघून ती थांबली. मी तिला तिवरांचा फोटो दाखवला.

"यो काय गो? झारावर बरफ परलाय?"

"नाही मावशी, कॅमेऱ्यात तसं दिसतं."

"बरफच हाय," ती ठामपणे म्हणाली. मग तिने टोपली खाली ठेवली. "माज्या बोंबलांचा कार बरं."

मी काढला. बोंबील फोटोत पांढरेस्वच्छ चमकत होते. म्हातारीने तो अध्यक्षांच्या नाकासमोर धरला. "बघ, कसं चकाकतान! आता तरी घेशील का नाय?"

अध्यक्षांच्या घरात पिढ्यान् पिढ्या मासळी शिजलेली नाही. पण त्यांनी पाकीट काढलं. बहुतेक फोटोकडे बघूनच काढलं असणार, कारण टोपली गाडीच्या डिकीत रिकामी होईपर्यंत त्यांना वास आलेला नव्हता. करंजाड्यापर्यंत आम्ही चारही काचा उघड्या ठेवून आलो. सिग्नलला शेजारी थांबलेला एक ट्रकवाला आमच्याकडे बघून हॉर्न वाजवत होता, आणि पुढच्या सीटवरच्या सासूबाई नाकाला पदर लावून अध्यक्षांना बोंबलाची चटणी कशी करायची ते सांगत होत्या.