जिनाबाईंची सही

लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्यावर माणसं आधी ओळखीचे चेहरे शोधतात. आमच्या मॅडम दुसरा जिना शोधायच्या. तो सापडला आणि त्याच्या दाराला कुलूप नाही असं दिसलं, की मगच आहेराचं पाकीट पर्समधून बाहेर यायचं. ठाण्यातले इंटिरियरवाले कंत्राटदार त्यांना पाठीमागे 'जिनाबाई' म्हणत. "लिफ्टबाई म्हणत नाहीत, हे काय कमी आहे?" असं त्या मला एकदा म्हणाल्या होत्या.

कॉलेज संपल्यावर मी त्यांच्या कोपरीच्या ऑफिसात आर्किटेक्ट म्हणून लागले, ती तिथेच राहिले. कामं बहुतेक जुन्या जागा नव्या करण्याची. वागळे इस्टेटमधल्या शेडचं ऑफिस करायचं, दुकानाचा दवाखाना. गिऱ्हाईक रंग आणि दिव्यांबद्दल बोलायचं, मॅडम दार कुठल्या बाजूला उघडतंय ते बघायच्या. "घाबरलेला माणूस दार ओढत नाही गं, ढकलतो," हे त्यांचं वाक्य आम्हाला पाठ झालं होतं.

हट्टी होत्या, पण भांडकुदळ नव्हत्या. कोलशेतच्या एका ऑफिसात मालकाने मागच्या, बाहेर पडायच्या दारासमोरच गणपतीची मोठी मूर्ती बसवली होती. आता देवाला हलवा म्हणणार कोण? मॅडमनी चपला काढून नमस्कार केला. म्हणाल्या, "यांना पुढच्या दाराशी बसवा. येणाऱ्याला आधी दर्शन होईल. इथे कोपऱ्यात कशाला?" मालक एकदम खूश. दार मोकळं झालं.

सुहाससमोर मात्र अशी युक्ती चालली नाही. सुहास त्यांचा धाकटा भाऊ. नोकरी सोडून त्याने डोंबिवलीत साड्यांच्या एका बंद दुकानाची जागा घेतली, दुसऱ्या मजल्यावर, कोचिंग क्लाससाठी. मागच्या जिन्याच्या दारावर पार्टिशन टाकून तिथे त्याला स्वतःची केबिन हवी होती.

"ताई, पुढचा जिना आहे ना? नकाशावर तेवढी सही कर."

"पोरं किती बसणार? आग लागली तर एका जिन्याने सगळी उतरतील? नाही करणार."

"परक्यांसाठी करतेस, माझ्यासाठी नाही?"

"परक्यांसाठीही केली नसती."

तो उठून गेला. कुठून तरी दुसऱ्याची सही मिळवली आणि केबिन बांधली. उद्घाटनाचं बोलावणं मॅडमना आलं नाही. त्या दिवशी त्या ऑफिसात नेहमीसारख्या काम करत बसल्या, पण दुपारचा डबा तसाच परत नेला. भाऊबीजेला मात्र स्वतःहून गेल्या. "सही वेगळी, ओवाळणं वेगळं," म्हणाल्या. तिथे सुहासने टोमणा मारलाच, "वर्ष होत आलं. काय झालं? काही नाही झालं."

"चांगलंच झालं की. काही व्हावं असं मला वाटत होतं का रे?"

आग लागली नाही. पुढेही कधी लागली नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात, ॲडमिशनच्या दिवसांत, सुहास आमच्या ऑफिसच्या दारात उभा राहिला. एक रिक्षावाले आपल्या मुलीला घेऊन त्याच्याकडे आले होते. सगळं विचारून झाल्यावर त्यांनी विचारलं, "सर, मागून उतरायला जिना आहे ना?" सुहासने केबिनच्या भिंतीकडे हात दाखवला आणि 'आहे' म्हणाला.

"त्यांनी मान हलवली गं ताई. उठून बघायलासुद्धा गेले नाहीत. माझ्यावर विश्वास ठेवून पोरीला बसवून गेले."

मॅडम उठल्या. त्याला पाणी दिलं, मला टेप घ्यायला सांगितलं आणि आम्ही तिघं डोंबिवलीला निघालो. त्याच आठवड्यात केबिन तुटली. नवं दार लागल्यावर मॅडमनी मुलांना दोन्ही जिन्यांनी उतरवून पाहिलं. मुलं मधली सुट्टी झाल्यासारखी हसत-ढकलत खाली आली. सगळ्यांच्या मागून सुहास आला. मॅडमनी त्याच्या शर्टावर पडलेला भुसा झटकला आणि म्हणाल्या, "आण कागद."

गेल्या वर्षी मॅडम गेल्या. आजार लांबला नाही. आता ऑफिस मी चालवते, कागदांवर सही माझी असते. "मॅडम, थोडं ॲडजस्ट करा ना," म्हणणारे रोज येतात. आमच्या मॅडमसारखं फटकन तोडून टाकणं मला अजून जमत नाही. मी आधी चहा मागवते, घरच्यांची चौकशी करते, आणि मग नाही म्हणते.