टॅबमधलं तिचं पान

मी चौथी नापास. सही येते, बसची पाटी येते, त्यापुढं वाचनाशी माझा संबंध नव्हता. बायकोचा होता. खारी गावात आमची एक खोली आणि स्वयंपाकघर, हिची पुस्तकं पलंगाखाली. वरच्यांच्या मोरीचं पाणी झिरपलं आणि सगळा गठ्ठा भिजून फुगला. ही दोन दिवस धड जेवली नाही. मी म्हटलं, "बरं झालं, जागा झाली." असं बोलायला नको होतं.

मुलगी सिल्व्हर पार्कला राहते. तिने एक टॅब आणला, त्यात पुस्तकं भरली आणि म्हणाली, "पप्पा, ही क्लाउडवर आहेत. आईने टॅबवर उघडू दे नाहीतर मोबाईलवर, थांबली असेल तेच पान निघणार." तिच्या स्वतःच्या मोबाईलवरही तीच लायब्ररी. मी जन्मभर हाटकेश भागातल्या एका गाळ्यात स्टीलची भांडी पॉलिश केली. वर कुठंतरी ठेवलेली वस्तू जशीच्या तशी मिळते, हे मला पटेना. पण मिळायची.

मग हिला दवाखान्यात ठेवलं. मोबाईल हिच्याजवळ, टॅब घरी. दुपारी आत सोडत नसत. मी घरी येऊन टॅब उघडायचो. सकाळी एकशे बारावं पान आणि दुपारी एकशे वीस दिसलं, की समजायचं, बाई जागी आहे, वाचतेय. मग मी जेवायला बसायचो. एकदा बोट लागून पानं पुढं गेली. थोड्या वेळानं फोन.

"अहो, माझं पान कुणी पळवलं?"

"मी. हात लागला."

"जन्मात पुस्तकाला हात लावला नाही, आता बरा लागला!"

हसत होती. संध्याकाळी भेटायला गेलो की वाचलेलं सांगायची. गोष्टीतली बाई घर सोडून भावाकडे निघाली होती. घरी असताना मी टीव्हीकडे बघत नुसतं हं हं करायचो. तिथं मात्र ऐकलं.

एका दुपारी पान एकशे एक्केचाळीसवर थांबलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ही गेली.

त्यानंतर टॅब मी रोज चार्ज केला, पण पान हलवलं नाही. हिचा हात लागलेलं तेवढंच जाग्यावर राहिलं होतं. मुलगी म्हणाली, तुम्हाला वेगळं खातं काढून देते, आईचं पान तसंच राहील. मी नको म्हटलं. वाचायचं तर हिच्याच पुस्तकात. आणि ती बाई भावाकडे पोचली का, हे डोक्यातून जाईना. सांगणारी तर गेली.

परवा सकाळी अक्षरं मोठी केली आणि बोट ठेवून वाचायला बसलो. एका पानाला अर्धा तास गेला. मग उलटलं.

जरा वेळानं मुलीचा फोन.

"पप्पा... आईचं पान हललं."

म्हणजे तीही रोज उघडून बघत होती. बोलली नव्हती.

"मी हलवलं," म्हटलं. "ती बाई अजून एसटीतच बसलीये."

रडली. नाक ओढत म्हणाली, "थांबा, मी पण वाचते. मला सोडून पुढं जाऊ नका."

"अगं, माझ्या वाचण्यानं मी कुठं पुढं जातोय?"