शेळगावची विहीर आणि माझे दोन रकाने

स्वारगेटहून मोरगावमार्गे बारामतीला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत चढले तेव्हा माझ्या पिशवीत पुढील वस्तू होत्या : छत्री, पाण्याची बाटली, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, औषधांची डबी आणि एक कोरी वही. पायात नव्या कोल्हापुरी चपला. वहीच्या पहिल्या पानावर मी घरूनच दोन रकाने आखून आणले होते. एकावर लिहिलं होतं ‘टिकणारं’, दुसऱ्यावर ‘न टिकणारं’.

येत्या जूनपासून आमच्या मुलींच्या शाळेत नववीला पर्यावरणाचा वेगळा तास सुरू व्हायचा होता. मी गणित शिकवते. पण प्रयोगशाळेच्या किल्ल्या, सहलींची आखणी आणि फुटलेल्या काचांची यादी माझ्याकडे असते, म्हणून हा विषयही माझ्याकडेच आला. पुस्तिकेतला पहिला धडा ‘शाश्वत विकास’. व्याख्या वाचली, पटली, आणि उदाहरण मात्र एकही सुचेना. तेव्हा मराठी शिकवणारी माझी मैत्रीण शालन म्हणाली, “कुंदा, बाबासाहेबांच्या जयंतीला मी शेळगावला जातेय. चल बरोबर. उदाहरणं ढिगाने मिळतील. शिवाय मला सोबत एक शांत डोक्याचं माणूस हवंय.”

शांत डोकं कशाला हवं होतं ते सासवड मागे पडल्यावर कळलं.

शालनचं घराणं बौद्ध. त्यांच्या वस्तीजवळ एक विहीर आहे. पूर्वी गावच्या विहिरीवर या लोकांना चढू देत नसत. धम्म स्वीकारल्यानंतर वस्तीने ठरवलं की आता विनवण्या पुरे, आपलं पाणी आपण काढायचं. शालनचे वडील, आत्या, सगळ्यांनी मिळून ती खणली. आता नळ आला आहे, पण उन्हाळ्यात तो आटला की वस्ती पुन्हा त्या विहिरीवरच येते. विहिरीला लागून शालनच्या माहेरचं शेत. तिथे धाकट्या भावाने, विलासने, डाळिंब लावलं आहे. यंदा पहिला बहार, आणि पाणी संपत आलेलं. त्याला विहिरीशेजारीच बोअर घ्यायचं होतं. जमीन बहीण-भावाच्या नावावर, म्हणून शालनच्या होकाराशिवाय बोअर होणार नव्हतं.

“मग तू काय म्हणणार?” मी विचारलं.

“विषय तुझा आहे. तू सांग.”

“विषय जूनपासून आहे,” मी म्हणाले.

मोरगावला गाडी थांबली. मी गणपतीचं दर्शन घेऊन आले तोवर शालन बाहेर एका शेळ्या राखणाऱ्या म्हातारीशी गप्पा मारत बसली होती. आजूबाजूला कापणी झालेली ज्वारीची रानं, कडब्याच्या गंजी आणि उघडा माळ. शेळ्यांमुळे रान उजाड होतं, हे पुस्तिकेत वाचलेलं मला आठवलं. मी म्हातारीला तसं म्हणाले.

“कोन म्हनतं?”

“पुस्तकात आहे, आजी.”

“पुस्तकवाल्याकडं गाय आसंल,” म्हातारी म्हणाली. “आमची गाय दुष्काळात बसली ती उठलीच न्हाय. शेळ्या हिंडत ऱ्हायल्या. त्येंच्या दुधावर नातू वाढला माजा. खाऊ द्या की दोन पानं.”

‘शेळी’ मी आधीच दुसऱ्या रकान्यात लिहून ठेवली होती. तिथून पहिल्या रकान्याकडे बाण काढला. मग त्या उघड्या माळाकडे लक्ष गेलं आणि बाण खोडला. पहिलंच पान खराब झालं.

बारामती जवळ आली तसा रंग बदलला. दोन्ही बाजूंना ऊस, आणि मधून पाट (कालवा) काठोकाठ वाहतोय. स्टँडसमोर आम्ही उसाचा रस घेतला. रसवंतीवाल्याला मी विचारलं, “इकडे दुष्काळ जाणवतो का हो?”

“जाणवतो की,” तो ग्लास विसळत म्हणाला. “पेपरात.”

इंदापूरची गाडी पकडली. हळूहळू ऊस विरळ झाला, नंतर रस्त्याकडेला नुसत्या बाभळी राहिल्या. शेळगाव त्या पाटाच्या शेवटाला. “वरचे पिऊन उरलं तर आमच्याकडं,” घरी पोचल्यावर विलासने समजावून सांगितलं. घरात भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली कोपऱ्यात खताच्या गोण्या. शालनचे वडील तात्या, निवृत्त प्राथमिक शिक्षक, खाटेवर बसून मला न्याहाळत होते.

“बाई, इषय कंचा म्हनलात?”

“पर्यावरण. त्यात शाश्वत विकास.”

तात्या खदखदून हसले. “शाश्वत? आमच्या धम्मात तर कायच शाश्वत न्हाय. तुमी बरं गावलं!”

विलासने मला शेत दाखवलं. डाळिंबाला ठिबक (नळ्यांतून थेंबथेंब पाणी द्यायची पद्धत) बसवलेलं होतं. पुस्तिकेत ठिबकचं चित्रच होतं. मी आनंदाने वही उघडली. “पाणी किती वाचलं असेल नाही!”

“तर! निम्म्यावर आलं,” विलास म्हणाला. “म्हनून तर पलीकडचं रान बी डाळिंबाखाली घेतलं.”

“म्हणजे पाणी पहिल्याइतकंच लागतं?”

“जरा जास्तीच.” तो माझ्या वहीकडे बघत राहिला. “का हो मॅडम, खोडलंत का?”

झाडं मात्र खरोखर पाहण्यासारखी होती. लालभडक फुलं, लिंबाएवढी फळं, आणि काही पानं कडेने वाळू लागलेली. विलास ती वाळलेली पानं बोटांनी खुडून खिशात टाकत होता. विहीर तिथून हाकेच्या अंतरावर, आणि मधल्या जागी चुन्याची एक फुली. तिथे बोअर.

तात्यांनी मत द्यायला साफ नकार दिला. “मी बोललो की उद्या तुमी दोगं माज्या नावानं बोंबलाल. ठरवा तुमचं तुमी.” तेव्हा शालनने ठरवलं की पळसदेवला आत्याकडे जायचं. विहिरीसाठी आत्याने डोक्यावरून माती वाहिली होती. तिने नाही म्हटलं असतं तर विलासला बोलायला जागा उरली नसती.

दुसऱ्या दिवशी आम्ही वडापने (माणसं कोंबून नेणारी जीप) निघालो. माझ्या मांडीवर कोणाची तरी कोंबडी होती आणि इंदापूर सोडल्यावर ती माझी आहे असं समजून एकाने मला तिचा भाव विचारला.

पळसदेव उजनीच्या पाण्याकाठचं. धरण झालं तेव्हा जुनं गाव पाण्यात गेलं आणि माणसं वर येऊन राहिली. आत्याने जेवायला चिलापीचं (धरणातला मासा) कालवण आणि भाकरी केली होती. भांडी घासून झाल्याशिवाय मुख्य विषय काढायला तिने कोणाला तोंड उघडू दिलं नाही. मग म्हणाली, “चला, रान दावते.”

रान म्हणजे धरणाचा तळ. उन्हाळ्यात पाणी हटत जातं तशी उघडी पडणारी जमीन ही माणसं पेरत जातात. याला गाळपेर म्हणतात. वर मका गुडघ्यापर्यंत आलेला, त्याखाली काकडीचे वेल, आणि अगदी पाण्याजवळ नुकतं टोकलेलं बी. पलीकडे जुन्या देवळाचं शिखर आणि निम्म्या भिंती पाण्याबाहेर आलेल्या. मी ते बघत दोन पावलं पुढे गेले आणि चप्पल गाळात रुतली. ओढली तर चपलेचा अंगठा तुटून आला. दुसरीही काढून हातात घेतली.

“आत्याबाई,” मी अनवाणी उभी राहून विचारलं, “पाणी असं कमी होतं ते चांगलं की वाईट?”

“कुनाला?”

“तुम्हाला.”

“मला रान गावतं. थोरल्या पोराला मासं गावत न्हाईत. एकाच चुलीवर जेवतो आमी. आता सांगा काय सांगू?”

शालनने घसा साफ केला आणि बोअरचं सांगितलं. विहीर आटेल, वस्तीचं पाणी जाईल, तुमच्या कष्टाचं आहे ते. आत्याने सगळं ऐकून घेतलं.

“घिऊ दे की त्याला बोअर.”

“आत्या! तू माती वाहिलीस त्या विहिरीची!”

“म्हनून तर म्हनते, शाले. टाळू बसली माजी. तवा यंत्र आसतं तर आमी काय हौसंनं खनत बसलो आसतो? पर एक. पयलं पानी वस्तीला. मग डाळिंबाला. कबूल आसंल तर घ्या.”

 परतीच्या जीपमध्ये शालन म्हणाली, “ती नाही म्हणेल असं धरूनच आले होते मी.” मीही तेच धरलं होतं.

रात्री आत्याची अट विलासला सांगितली. तो कुरकुरला, मग तयार झाला. जयंती झाली की बोअरची गाडी बोलवायची असं ठरलं. सुटलं एकदाचं, असं वाटून मी वहीत टीप लिहिली, आणि ती कुठल्या रकान्यात येते ते उद्या बघू म्हणून झोपले.

दुसरा दिवस म्हणजे जयंतीचा आदला दिवस. या वस्तीची एक रीत आहे. त्या दिवशी विहीर पूर्ण उपसतात आणि गाळ काढतात. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेले लोकही त्यासाठी एक दिवस आधी येतात. बँकेत असलेला एकजण पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभा होता. इंजिनाने पाणी उपसलं, माणसं आत उतरली, गाळाची घमेली हातोहात वर येऊ लागली. “साहेब, हे काउंटर न्हवं, हात चालवा!” अशी त्या बँकवाल्याची चेष्टा चालली होती. विलास तळाशी होता. मी वरच्या रांगेत, पायात शालनच्या भावजयीच्या रबरी चपला.

भर दुपारी बोअरची गाडी येऊन उभी राहिली. विलासने तिला जयंतीनंतरचं सांगून ठेवलं होतं, पण अलीकडच्या गावातलं काम लवकर आटपलं होतं. चालक तमिळ, हिंदी मोडकी. “जल्दी बोलो, साब. करना है तो अभी. बाद में इधर आना नहीं.”

विलास तळातून ओरडला, “ताई, हो म्हन! ठरलंय की आपलं!”

शालन काठावर आली आणि खाली बघू लागली. विहीर कोरडी होती, म्हणून तिचे झरे उघडे दिसत होते. पाझर येत होता तो एकाच अंगाने. शेताच्या अंगाने, जिकडे चुन्याची फुली होती.

“विलास, पाणी कुठनं येतंय बग जरा.”

त्याने वळून बघितलं. त्याच पाझरात तो घोट्यापर्यंत उभा होता. सगळ्यांचे हात थांबले.

“ताई, झाडं जळतील माजी,” तो म्हणाला. आता ओरडत नव्हता.

शालन माझ्याकडे वळली. “कुंदा?”

मी तोंड उघडलं. वस्तीची घागर डोळ्यांसमोर होती आणि ती खिशात टाकलेली पानंही आठवत होती. आत्याची अट होती, पण बोअरमधून वस्तीला आधी पाणी द्यायचं ते कुठलं, विहिरीतलंच तर नव्हे? “मला माहीत नाही,” मी म्हणाले. वर्गात हे वाक्य मी कधी उच्चारलेलं नाही.

शालन गाडीकडे गेली. “नाही घ्यायचं,” एवढंच म्हणाली.

गाडी धुरळा उडवत मागे वळली, आणि बांधापलीकडे जाऊन थांबली. तिथले शेतकरी भगवानराव टोपी हलवून तिला बोलावत होते. आयती आलेली गाडी त्यांनी सोडली नाही. त्यांची जमीन, त्यांचा हक्क. तासाभरात पांढऱ्या धुळीचा लोट उठला आणि उन्हं कलायच्या आत पाण्याचा फवारा वर उडाला.

आणि गंमत अशी की वस्ती तिकडे धावली. पोरं भिजली, बायकांनी ओंजळी भरल्या, गाळाने माखलेल्या विलासने त्या पाण्यात तोंड धुतलं. भगवानरावांनी पेढे मागवले. मीही एक खाल्ला. पाणी लागल्यावर आनंद होतोच, ते कुठल्या बाजूचं आहे हे तो विचारत नाही. शालन एकटी विहिरीच्या काठावर बसून होती.

सकाळी सगळे विहिरीत डोकावले. पाणी चढलं होतं. तात्या म्हणाले, दरवर्षीसारखंच. बँकवाला म्हणाला, कमी आहे.  विलास आत उतरला आणि पाणी होतं तिथे दगडावर चुन्याची रेघ ओढून वर आला. नंतर भगवानरावांच्या बांधावर गेला. आत्याची अट त्याने त्यांच्यापुढे ठेवली : पयलं पानी वस्तीला. “तुज्या बोअरची अट माज्या बोअरला कशी लागल, गड्या?” भगवानराव हसत म्हणाले. पण नाही असंही म्हणाले नाहीत. तेवढ्यात जयंतीचा ताशा सुरू झाला आणि बोलणं तिथेच राहिलं.

पुण्याच्या गाडीत शालनने मला विचारलं, “मी नाही म्हणाले, ते कुठल्या रकान्यात लिहिलंस?”

मी वही दाखवली. पान बाणांनी आणि खोडाखोडीने भरलं होतं. तिच्या ‘नाही’साठी जागा मला सापडलेली नव्हती.

जूनमध्ये पहिला तास घेतला. रकाने आखले नाहीत. फळ्यावर एक विहीर काढली, एक बांध, बांधापलीकडे बोअर आणि अलीकडे डाळिंबाची झाडं, आणि तळातून जाणारा पाझर. मुली तास संपेपर्यंत भांडत होत्या. शेवटी एकीने विचारलं, “बाई, पण मग पुढे काय झालं?”

झाडं निम्मी जगली. विलासने पलीकडच्या रानातली नवी झाडं स्वतःच सोडून दिली आणि ठिबकचं पाणी जुन्यांना वळवलं. भगवानरावांनी वळवाचा पाऊस येईपर्यंत वस्तीला एक नळी दिली, पुढचं माहीत नाही म्हणाले. चुन्याच्या रेघेखाली पाणी गेलं का, यावर तात्या आणि विलास यांचं अजून एकमत नाही. हे सगळं मी मुलींना सांगितलं आणि निष्कर्ष सांगितला नाही, कारण माझ्याकडे नव्हता.

विहीर पुढच्या जयंतीच्या आदल्या दिवशी पुन्हा उपसतील. तेव्हा ती रेघ उघडी पडेल. यादी करून ठेवली आहे : जुनी साडी, रबरी चपला, औषधांची डबी. घमेलं तिथे मिळतं.