दोन डाव्या बाह्या

माझा धाकटा भाऊ कोटांच्या कारखान्यात कटर आहे. इतर कटर कापण्याआधी दोनदा मोजतात. हा एकदाच मोजायचा, तेही समोरच्याच्या समाधानासाठी.

त्याच्यात जन्मापासून एक दोष आहे. दूध, अंडी, मांस, कडधान्यं यांतल्या प्रथिनांचा एक भाग त्याच्या शरीराला मोडता येत नाही. तो रक्तात साठतो आणि डोक्यावर परिणाम करतो. म्हणून तो भाग काढून टाकलेली दवाखान्यातली पावडर आई त्याला पाण्यात कालवून पाजायची. त्या पावडरीला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास यायचा. त्याच्या वाटचं दूध मी प्यायचे. माझी तब्येत ही त्याचीच कृपा.

पावडर जन्माची सोबतीण. पण कारखान्यात डबा उघडला की बाकीचे खिडकीकडे सरकायचे, म्हणून हा दुपारची पावडर टाळू लागला. मग विसरू लागला. हातात कात्री धरून कात्री शोधायचा. हे आमच्या ह्यांनी पाहिलं. दुसऱ्याचं दुखणं दिसलं की ह्यांचे हात शिवशिवतात. त्यांनी बुद्धी तल्लख करणारी पावडर आणून दिली. डब्यावर चमकणारा मेंदू, आत व्हॅनिलाचा सुवास.

"दाजी, पावडर अशीही असते?" भाऊ म्हणाला. त्याने जुनी बंदच केली. फरक पडेना, म्हणून नवीचे चमचे वाढवले.

मग एका कोटाच्या दोन्ही बाह्या त्याने डाव्याच कापल्या. दुसरी कापताना बाहीचा कागदी फर्मा उलटायचा राहिला. मालकाने हसण्यावारी नेलं. पुन्हा तेच झालं तेव्हा कात्री काढून घेतली आणि त्याला बटणं लावायला बसवलं.

मी भेटायला गेले तेव्हा तो पेला भरून ती पावडर पीत होता. मी डब्यात बोट बुडवून चाटलं. दूध! त्याच्या वाटचं पिऊन वाढलेल्या बाईला कोण फसवणार?

घरी येऊन ह्यांना फैलावर घेतलं.

"अगं, सगळ्यांना चालते ती!"

"दूधही सगळ्यांना चालतं."

ह्यांनी काही सल्ला न देता दवाखान्यात फोन लावला. आमच्याकडे असं क्वचित घडतं.

तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्त सुधारेल. डोकं किती सुधारेल, ते काम करतानाच कळेल."

भाऊ पुठ्ठ्याच्या वासाकडे परतला. रक्त सुधारलं. मालक कापड मात्र देईना. "माझं कापड फुकटचं नाही," म्हणाला. मग आईने जाण्याआधी माझ्यासाठी घेऊन ठेवलेलं लोकरीचं कापड मी कारखान्यात नेलं.

भावाने ते टेबलावर पसरलं. मोजलं. पुन्हा मोजलं. डावी बाही कापली. उजवीसाठी फर्मा ठेवून खडूने आखलं, कात्री टेकवली आणि थांबला.

"ताई, फर्मा उलटला ना गं मी?"

मी पाहिलंच नव्हतं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. मला फार भीती वाटली.

"मला नाही माहीत रे."

त्याने फर्मा उचलला, स्वतःच्या उजव्या हातावर खांद्यापासून मनगटापर्यंत लावून पाहिला, परत जागेवर ठेवला आणि कापलं.

कोट मला चपखल बसतो. मालकाने कात्री परत दिली. हल्ली भाऊ तीनदा मोजतो, आणि त्यातलं एकदाही समोरच्याच्या समाधानासाठी नसतं.