आमच्या घरचा राग

वडसा गावात माझं शिलाईचं दुकान आहे. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू झाला की राजाचे अंगरखे, हवालदाराचे शर्ट, नाचणारीचे घागरे यांचा ढीग माझ्याकडे येतो. कंपनीवाले नेहमी ऐन वेळी येतात नि मी त्यांच्यावर ओरडते. त्यांनाही त्याची सवय. 'व्हिलनची पोरगी हाय बापा, सांभाळून,' म्हणत हसत हसत बोलणी खातात.

बाप माझा नाटकातला खलनायक. त्याचा राग सगळ्या झाडीपट्टीत गाजलेला. एन्ट्रीच्या आधी त्याला चिडवायला कंपनीनं एक माणूसच ठेवला होता. तो पडद्यामागं येऊन म्हणायचा, 'भाऊ, तुमाले आता कोणी घाबरत नाई. दुसऱ्या कंपनीतला पाहा, का दम हाय त्याच्यात!' झालं! बाप पांढराफटक पडायचा, घामानं डबडबायचा नि तसाच स्टेजवर शिरायचा. शिट्ट्यांवर शिट्ट्या. नंतर डोकं गच्च धरून बसायचा, त्याला आम्ही थकवा समजायचो. एका हिवाळ्यात त्याला असंच चिडवलं, पण तो स्टेजवर गेलाच नाही, पडद्यामागंच कोसळला. लोक म्हणाले, रागानं नेलं. मी म्हटलं, कलावंताला शोभेल असं मरण. मूर्ख, सगळेच मूर्ख आम्ही!

पुढं मलाही तसंच व्हायला लागलं तेव्हा चक्क अभिमान वाटला, बापाचा राग माझ्याकडे आला म्हणून. छातीत धडधड, हातपाय गार, घामाच्या धारा, आणि नवऱ्याच्या दिशेनं पातेलं. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, किडनीच्या वर एक ग्रंथी असते, तिच्यात गाठ आहे. ती रक्तात असं काही सोडते की माणूस कारण नसताना पेटतो. हे घराण्यातून येतं, वडिलांनाही बहुतेक तेच असेल. मी तिथंच रडले. बापाचा राग बापाचा नव्हताच म्हणता, तर मग त्याचं स्वतःचं असं काय उरलं?

गाठ काढली. पण दुसऱ्या बाजूला पुन्हा होऊ शकते, म्हणून लक्ष ठेवायचं. आणि मुलीचं रक्त तपासायचं. याच आजारात गळ्यातल्या ग्रंथीतही कॅन्सर होतो; तिच्यात हे उतरलं असेल तर तो होण्याआधीच ती ग्रंथी काढता येते. पोरगी नुकतीच कॉलेजात गेलेली. दर वेळी नवं कारण सांगायची. परीक्षा, सर्दी, मैत्रिणीच्या बहिणीची हळद. माझा जीव टांगणीला लागलेला.

आणि घर मुकं झालं. पूर्वी भाजीतल्या मिठावरून आम्ही मायलेकी अशा भांडायचो की शेजारीण दारात येऊन उभी राहायची. आता मी आवाज चढवला की नवरा पंखा लावतो आणि पोरगी बीपीची मशीन आणते. मी काय बोलते आहे, ते कोणी ऐकतच नाही.

परवा दुपारी एक कंपनीवाला आला. संध्याकाळी प्रयोग, आणि म्हणतो, 'बाई, अंगरखा ढिला करून द्या, राजा बदलला.' मी सुनावलं, 'राजा का बाजारातून आनता रोज नवा?' तो मजेत ऐकत होता. तेवढ्यात पोरगी आतून आली आणि त्याच्यादेखत माझ्या दंडाला बीपीच्या मशीनचा पट्टा गुंडाळू लागली. त्याचं हसू गेलं. 'राहू द्या बाई, आराम करा,' म्हणाला आणि अंगरखा उचलून निघाला. त्याच्या चेहऱ्यावरची कीव पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

'काढ हे! मी त्याच्यावर चिडली, समजलं? गाठीनं नाई चिडली!'

'मशीन सांगन ते.'

'माहं राहू दे. तुह्या रक्ताचं का? काऊन टाळून राह्यली तू? मरायचं हाय का तुले?'

'नाई करत, जा!' तिनं मापाचा टेप भिंतीवर फेकला. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच ती अशी ओरडली. चेहरा लालबुंद, मानेची शीर ताठ. आणि मी काय करावं? धावत जाऊन तिचं मनगट धरलं आणि नाडी पाहू लागले.

ती माझ्या बोटांकडे पाहत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, 'हे पाह्य. म्हनून नाई करत मी. एकदा का रिपोर्टात ते निघालं, की माह्या रागाले कोणी राग म्हननार नाई. मी खरं बोलली तरी तुमी नाडीच पाहान.'

मी हात सोडला. मला लाज वाटली, आणि तिची भीती पुरती कळली. रोज तेच तर सोसत होते मी.

'बरं, मी शब्द दिला तर?' मी विचारलं. 'काहीही निघो. तू चिडली तर मी उलटून भांडीन. नाडी नाई पाहनार.'

'तुले भांडायची बंदी हाय.'

'बंदी गेली चुलीत!'

दुसऱ्या दिवशी नागपूरच्या बसमध्ये बसलो. ब्रह्मपुरीपर्यंत खिडकीच्या जागेवरून भांडलो, नागभीडनंतर तिच्या मोबाइलवरून. कंडक्टर वळून वळून पाहत होता.

दवाखान्यात सिस्टरनं आधी पोरीच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा पाहून सिस्टरच्या कपाळाला आठी पडली. 'बीपी वाढलंय गं. काही त्रास होतो का?'

माझा हात लेकीच्या मनगटाकडे निघालाच होता, तो मी मागं घेतला आणि पर्स घट्ट धरून बसले.

पोरीनं ते पाहिलं. 'नाई सिस्टर,' ती म्हणाली, 'आईशी भांडून आली मी.' आणि सुईसाठी दुसरा हात पुढं केला.