चंद्रावरचे खड्डे आणि आमचं खानदान

आमच्या घरातल्या पाच जणांनी चंद्रावरचे खड्डे ओळखण्याच्या जागतिक स्पर्धेत भाग घेतला, आणि त्यातल्या चौघांना ही स्पर्धा नेमकी कशाची आहे हे माहीत नव्हतं.

पाचवी माझी मुलगी, दिपाली. इंजिनीअरिंगला आहे. परदेशातल्या एका अवकाश संस्थेने चंद्राचे ढीगभर फोटो इंटरनेटवर टाकले होते आणि अख्ख्या जगाला सांगितलं होतं, की यातले खड्डे आपोआप ओळखणारा प्रोग्राम लिहून पाठवा. त्या खड्ड्यांच्या खुणेवरून आमचं यान वाट शोधेल. प्रोग्राम आला की लगेच तपासायचा आणि यादीत नंबर लावायचा, असा कारभार. पहिल्या पंचवीस जणांना पुढच्या फेरीत थेट त्या शास्त्रज्ञांसोबत काम करायला मिळणार होतं. दिपालीने सगळी सुट्टी त्यात घातली आणि नववी आली. नववी! जगात!

गोंदियाजवळच्या गोरेगावात माझं कृषी केंद्र आहे. ही बातमी ऐकवल्याशिवाय मी एकाही गिऱ्हाइकाला सोडलं नाही (दोघं तर युरिया न घेताच पळाले).

"चंद्रावरचे कायले मोजून राहिली?" एकाने विचारलं. "आपल्या रस्त्यावरचे मोज म्हना ना पोरीले!"

जळतात मेले!

पण पुढच्याच आठवड्यात नंबर घसरून चौदावर आला. "होतं बाबा असं. जगभरातून लोक येऊन राहिले ना," असं म्हणून दिपाली लॅपटॉप घरीच ठेवून कॉलेजच्या कामाला गोंदियाला निघून गेली. इथे माझा जीव खालीवर! नेमका माझा साळा टिकाराम अर्जुनी मोरगावहून आला होता. ग्रामपंचायतीची निवडणूक म्हणजे त्याचा जीव की प्राण. त्याने यादी पाहिली आणि मान हलवली.

"भाऊजी, पोरगी एकटी लढून राहिली. तिच्या मांगं मानसं कोठी हायत?"

"मंग काय करावं?"

"घरच्यायनं पाठिंबा नाइ देल्ला, तं बाहेरचा कोन देईल?"

मला पटलं. (टिकारामचं मला लगेच पटतं. त्यावरून त्याची बहीण अधूनमधून माझ्याशी बोलणं सोडते.)

ऑनलाइन अर्ज भरण्यात टिकारामचा हात कोणी धरू शकत नाही. माझं, बायकोचं, माझ्या आईचं आणि त्याचं स्वतःचं, अशी चार खाती त्याने चहा गार व्हायच्या आत उघडली. पण फाइल चढवल्याशिवाय गाडी पुढे सरकेना. दिपालीच्या प्रोग्रामची फाइल समोरच दिसत होती. "घरचीच होय," म्हणत टिकारामने ती चौघांच्याही नावाने चढवली. आणि काय सांगू! दिपाली चौदावी, मी पंधरावा, बायको सोळावी, आई सतरावी, टिकाराम अठरावा!

"माय, तू जगात सतरावी आली व!" मी ओरडलो.

"कशात रे?"

"चंद्रावरचे खड्डे वळखन्यात!"

"कोनं खनले ते?" आईने विचारलं.

मी पेढे आणायला धावलो.

दिपाली परत आली ती रडतच. तिला मेल आला होता. एकाच घरातून, अक्षरन् अक्षर तोच प्रोग्राम, पाच नावांनी! पाचही नावं कापायची नोटीस निघाली होती.

"बाबा, हे काय मतदान होय का? ज्याने त्याने आपापला प्रोग्राम लिहायचा असतो! माझी सगळी मेहनत चोरी ठरून राहिली!"

हातातला पेढा मी परत डब्यात ठेवला. पोरीचे सुजलेले डोळे पाहून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

तिने खरं काय ते लिहून कळवलं. उत्तर आलं, की चौघांनीही व्हिडिओ कॉलवर यावं. चौघांपैकी एकालाही त्या प्रोग्राममधलं काही कळतं असं दिसलं, तर तो तिचा एकटीचा नाही असं समजून दिपाली बाहेर. म्हणजे आम्हाला अडाणीपणाची परीक्षा द्यायची होती! दुकानातलं नेट बरं, म्हणून कॉल तिथेच घेतला. दारात गिऱ्हाइकांची ही गर्दी!

समोर एक गोऱ्या मॅडम, आणि त्यांचं बोलणं हिंदीत सांगणारा एक नागपूरकडचा साहेब.

"माताजी, ये प्रोग्राम आपने लिखा?"

"लिव्हता आलं असतं तं अंगठा कायले लावला असता, बावा?"

आई पास!

"टिकारामजी, फाइल क्या होती है?"

"कचेरीत हरवते ते!"

टिकाराम पास! बायको म्हणाली, "मले तं यायनं इचारलं बी नाइ जी." तीही पास. मग माझी पाळी आली.

"गड्ढे और परछाईं का फर्क ये प्रोग्राम कैसे पहचानता है?"

आता काय सांगायचं! पिवळं पडलेलं पान घेऊन आलेल्या शेतकऱ्याला 'माहीत नाही' म्हटलं, तर तो समोरच्या दुकानात जातो. हे दोन शब्द गिऱ्हाइकासमोर माझ्या तोंडून कधी निघालेच नव्हते. जीभ आपसूक सुटली.

"देखिए साहब, इसमें दो प्रकार होते हैं..."

मॅडम सावरून बसल्या. त्यांनी पेन उचललं. आईने कपाळावर हात मारला. कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या दिपालीने मला हात जोडले.

"...ऐसा मैं सबको बोलता हूँ," मी घाम पुसला. "असल में मुझे कुछ भी नहीं मालूम."

"तो फिर दो प्रकार क्यों बोला?"

"आदत है, साहब. दुकान में भी ऐसाच बोलता हूँ."

दारातली गिऱ्हाइकं एकमेकांकडे पाहू लागली. साहेबाचा अजून विश्वास बसेना. शेवटी बायको पुढे झाली.

"खरं बोलून राहिले जी हे. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच!"

साहेबाने ते मॅडमना इंग्रजीत सांगितलं. हसता हसता त्या खुर्चीतून पडायच्याच बाकी होत्या.

'या चौघांना यातलं काहीही कळत नाही' असा मेल आला; आमची चार नावं कापली, दिपालीचं राहिलं. शेवटी ती अकरावी आली आणि पुढच्या फेरीत गेली! मेल वाचून तिने माझ्या गळ्यात हात टाकले, आणि भर बाजाराच्या दिवशी मी दुकानात ढसाढसा रडलो. एवढा अभिमान मला आयुष्यात कशाचाच वाटला नव्हता. गिऱ्हाइकं आजही येतात, युरिया नेतात. सल्ला मात्र कोणी विचारत नाही.

परवा एक पाहुणे कौतुकाने म्हणाले, "पोरगी बापावर गेली, नाइ का?" छाती फुगवून मी 'होय' म्हणणारच होतो. पण काय करता! ही हुशारी तिला माझ्याकडून मिळालेली नाही, याचा लेखी दाखला थेट परदेशातून आलेला आहे!